हार्ट पेशंट आणि स्वभाव: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

अटॅक येऊन गेलेले, स्टेंट टाकलेले, बायपास झालेले पेशंट आणि त्यांच्या घरचे, यांच्याबरोबर रिहॅबमध्ये, म्हणजे हार्टच्या आजारानंतर सावरायच्या कार्यक्रमात, काउन्सेलिंगचं काम करते मी. तेलातुपाचे प्रश्न डाएटिशियनकडे जातात आणि स्वभावाचे माझ्याकडे येतात, आणि ते येतातच, कारण डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांचं सगळं समजावून झालं की दाराशी कुणीतरी हळूच विचारतंच की "मॅडम, हा स्वभावामुळेच झाला का हो सगळा प्रकार?" तर तेच तेच प्रश्न एकदाचे लिहून काढतेय. गोळी बदलायची, थांबवायची वगैरे ते तुमचे कार्डिओलॉजिस्टच सांगणार, इथे वाचून काही करू नका.

आमचे हे भयंकर तापट आहेत, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळेच अटॅक आला ना?

इतकं सरळ नाहीये ते. आधी सिगरेट-तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर हे बघा, मग रागाकडे या. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतले पेशंट होते त्यात, आपल्याकडचेही, आणि त्यात असं दिसलं की पहिल्या अटॅकचा साधारण ९० टक्के धोका नऊ गोष्टींमध्येच सापडतो. त्या नवांत मानसिक ताण आहे, म्हणजे कामाचा, घरचा, पैशाचा ताण, उदासी, पण 'तापट स्वभाव' असा वेगळा रकाना नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे, दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा जवळजवळ ६ वर्षं आधी येतो. त्यामुळे पन्नाशीच्या आत अटॅक आला की घरात जे "किती चिडायचास तू" सुरू होतं ना, ते जरा थांबवा, आधी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा, कागद बघा.

पण टाइप ए पर्सनॅलिटीवाल्यांना अटॅक येतो असं तर सगळीकडे वाचलंय?

ते आलं कुठून ते सांगते, मजेशीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन असे दोन हार्टचे डॉक्टर होते. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांची गादी बदलायला आलेल्या माणसाने म्हणे बघितलं की खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजल्यात, पाठीकडे नाही, म्हणजे इथले पेशंट खुर्चीत टेकून बसतच नाहीत, नंबर लागला की उठायच्या तयारीत कडेवरच. डॉक्टरांनी तेव्हा लक्ष दिलं नाही, पुढे १९५९ मध्ये त्यांनी टाइप ए मांडला: सतत घाई, सतत स्पर्धा, समोरच्याचं वाक्य आपणच पूर्ण करायचं, आणि आत कुठेतरी धुमसणारा राग. मग कॅलिफोर्नियातल्या ३१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षांचा अभ्यास केला, त्यात टाइप ए वाल्यांना हृदयविकार साधारण दुप्पट निघाला, आणि तिथून हे मासिकांमध्ये आणि मग घराघरात पोचलं.

पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांमध्ये हा संबंध दिसेचना. आणि १९८८ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या गटातले, ज्यांना हृदयविकार झाला असे २५७ पुरुष वेगळे काढून बघितले तर त्यांच्यात टाइप ए वाल्यांचे मृत्यू उलट कमी! माझा अंदाज असा की घाईवाला माणूस छातीत दुखलं तर दवाखान्यातही घाईनेच जातो, पण तो माझा अंदाज, सिद्ध झालेलं नाही. शिवाय २०१२ मध्ये जुने कागद तपासून दाखवलं गेलं की टाइप ए च्या संशोधनाला सिगरेट कंपन्यांनी, त्यात फिलिप मॉरिस मोठी, बरीच वर्षं पैसा पुरवला होता. का ते कळतंच, दोष स्वभावाचा ठरला की सिगरेट सुटली.

म्हणजे रागाचा काहीच संबंध नाही? मग निवांत चिडू द्यायचं का?

नाही नाही, तसं नाही. टाइप ए च्या गाठोड्यातून घाई, कामाची हौस, वक्तशीरपणा हे काढून टाकलं तरी एक गोष्ट उरली, ती म्हणजे वैरभाव. सगळे आपल्या वाइटावर आहेत, रिक्षावाला फसवणार, भाऊ हिस्सा खाणार, सून मुद्दाम करते, असं कायम मनात चालू असलेला माणूस. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या रेडफर्ड विल्यम्स यांनी यावर बरंच काम केलं. २००९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज झाली त्यात राग आणि वैरभाव जास्त असलेल्यांत, आधी निरोगी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका १९ टक्क्यांनी जास्त, आणि आधीच हार्ट पेशंट असलेल्यांचं पुढे बिघडायचं प्रमाण २४ टक्क्यांनी जास्त निघालं. सिगरेटच्या तुलनेत हे छोटं आहे. पण शून्य नाही.

तेव्हा तोंडाने फटकळ पण मनाने साफ असे जे असतात, भडकले, बोलले, दहा मिनिटांनी "चहा टाक गं" म्हणाले, त्यांची मला तेवढी काळजी वाटत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानपान अजून उगाळणाऱ्यांची वाटते.

चिडल्या चिडल्या त्याच वेळी अटॅक येऊ शकतो का?

येऊ शकतो, पण गणित नीट समजून घ्या. १९९५ मध्ये अमेरिकेत १६२३ पेशंटना अटॅकनंतर थोड्याच दिवसांत विचारलं की अटॅकच्या आधी काय काय झालं होतं, तर जबरदस्त राग आल्यानंतरच्या दोन तासांत धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला. दुप्पट ऐकलं की पोटात गोळा येतो, पण एका ठराविक दोन तासांत अटॅक यायची शक्यता मुळात फारच बारीक असते, त्या बारीकची दुप्पट पण बारीकच. ज्याचा राग दिवसातून पाच वेळा फुटतो त्याची मात्र बेरीज होत जाते. आणि रागाच्या भरात जड काम तर अजिबात नको, इंटरहार्टच्या पुढच्या विश्लेषणात राग आणि जोराचं श्रम एकत्र आलं तेव्हा धोका तिपटीपर्यंत गेलेला दिसला. म्हणजे भांडण झालं की तणतणत जाऊन गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला घेतात ना काही लोक, ते बंद.

मग राग आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढून टाकलेला बरा ना? मन मोकळं होतं.

मन मोकळं करणं वेगळं आणि आदळआपट करणं वेगळं. उशी बडवली, भांडी आपटली, कुणाला फोनवर झापलं की राग निघून जातो हे प्रयोगांत टिकलेलं नाही, बऱ्याचदा वाढतोच. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत २८० निरोगी लोकांना फक्त ८ मिनिटं एक संतापजनक आठवण काढायला लावली, तर रक्तवाहिन्यांची सैल पडायची क्षमता पुढे ४० मिनिटांपर्यंत कमी झालेली होती. नुसती आठवण! तेव्हा तोच प्रसंग सगळ्या नातेवाईकांना फोन करून पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे प्रत्येक वेळी तीच ४० मिनिटं. जागेवरून उठा, दुसऱ्या खोलीत जा, श्वास लांब सोडा, आणि बोलायचं ते दोन तासांनी बोला. मुकाट गिळून टाकणं हाही उपाय नाहीच, त्याबद्दल पुढे आहे.

टाइप डी हे काय नवीन?

नवीन नाही, नव्वदच्या दशकातलं आहे, आपल्याकडे फक्त कमी बोललं जातं. योहान डेनोलेट म्हणून मानसशास्त्रज्ञ, आधी बेल्जियममध्ये अँटवर्पला आणि मग नेदरलँड्समधल्या टिलबर्ग युनिव्हर्सिटीत. त्यांना रिहॅबमध्ये दिसलं की काही पेशंटचं हृदय रिपोर्टप्रमाणे बरं असतं पण माणूस सावरत नाही. त्यांनी दोन गोष्टींची जोडी पकडली. एक, मन कायम काळजीत, खट्टू, चिडचिडं. दोन, ते लोकांसमोर दाखवायचं नाही, बोलायचं नाही, लोक काय म्हणतील या भीतीने आवळून धरायचं. दोन्ही एकत्र असेल तरच टाइप डी. नुसता अबोल माणूस टाइप डी नाही, आपल्यात कितीतरी लोक अबोल आणि आतून मस्त असतात. नुसता काळजीखोरही नाही, कारण तो निदान सगळ्यांना सांगून सांगून पिळतो तरी.

१९९६ मध्ये त्यांनी ३०३ हार्ट पेशंटचा अभ्यास छापला, ६ ते १० वर्षं पाठपुरावा करून, आणि टाइप डी वाल्यांमध्ये २७ टक्के वारले, बाकीच्यांमध्ये ७ टक्के. आकडा जबरदस्त होता, त्यामुळे एकदम खळबळ उडाली. २०१६ च्या युरोपियन कार्डिओलॉजीच्या गाइडलाइन्समध्येसुद्धा टाइप डी चा उल्लेख मानसिक-सामाजिक धोक्यांमध्ये केलेला आहे.

मग टाइप डी वाला माणूस चौपट लवकर जाणार? आम्ही घाबरलोय.

घाबरू नका. पहिला अभ्यास छोटा होता, मृत्यू मोजकेच, आणि छोट्या अभ्यासात आकडे फुगतात हे नेहमीचंच. पुढे मोठमोठ्या गटांवर बघितलं तर आकडा खाली खाली येत गेला. २०११ मध्ये नेदरलँड्समध्येच हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, सातशेच्या वर पेशंटमध्ये टाइप डी चा मृत्यूशी काही संबंध सापडला नाही. आता साधारण मत असं की धमन्यांमध्ये ब्लॉकेज असलेल्या पेशंटमध्ये थोडा परिणाम आहे, हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांत तो दिसत नाही. जगणं मात्र टाइप डी वाल्यांचं कठीण जातं हे बऱ्याच अभ्यासांत पक्कं दिसतं: थकवा जास्त, झोप कमी, काळजी जास्त, आणि गोळ्या चुकायचं प्रमाण जास्त.

घरच्या घरी कसं ओळखायचं?

डेनोलेट यांची १४ वाक्यांची प्रश्नावली आहे, सात काळजी-उदासीची आणि सात लोकांत मिसळण्याची, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, दोन्ही बाजूला १० किंवा त्याच्या वर गेलं तर टाइप डी. पण ती घरी भरायला देऊ नका, ज्याला बोलायचं नाही तो माणूस कागदावरही "ठीक" च लिहितो.

त्यापेक्षा हे बघा. आमच्याकडे सहा मिनिटं चालायची टेस्ट असते, चालून झालं की भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगायचं किती दम लागला. एक काका आले होते, निवृत्त, बोलायला अगदी सभ्य. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे, आणि बोट ठेवलं 'अगदी हलका' वर. मी लिहून घेणार तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "अहो सांगा की, रात्री दोन उशा लावून बसून झोपताय ते." काका नुसते हसले. मोजे खाली करून बघितलं तर घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ, पायावर सूज, म्हणजे अंगात पाणी साठलेलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि पुन्हा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. काकू आल्या नसत्या तर कागदावर 'अगदी हलका' एवढंच गेलं असतं.

म्हणून मला जर कुणी विचारलं की स्वभावाच्या बाबतीत घरच्यांनी लक्ष नक्की कुणावर ठेवायचं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. चिडणाऱ्यावर सगळ्यांचं लक्ष असतंच, "काही नाही, बरं आहे" म्हणणाऱ्यावर ठेवा.

पण नुसत्या स्वभावाने हृदयाला होतं काय? मधला रस्ता कुठला?

दोन रस्ते. पहिला शरीराचा: राग-काळजी सतत असली की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल चढे राहतात, नाडी आणि बीपी वाढतं, रक्तातल्या गुठळ्या करणाऱ्या पेशी चिकट होतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज राहते. हे सगळं खरं आहे.

पण माझ्या रोजच्या कामात मला दुसरा रस्ता जास्त दिसतो आणि तो वागण्याचा आहे. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या देतात, बऱ्याच जणांना वर्षभर, आणि त्या न विचारता बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, म्हणजे पुन्हा अटॅक. आता या गोळ्यांनी हातावर निळे डाग पडतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. बोलका पेशंट दुसऱ्या दिवशी फोन करून आमचं डोकं खातो आणि आम्ही सांगतो की घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा, गोळी चालू ठेवा. न बोलणारा काय करतो? एक गोळी गुपचूप सोडून देतो, पत्नीला सांगत नाही, डॉक्टरांना तर नाहीच, "उगीच त्यांना कशाला त्रास". तापट माणूस दुसरंच करतो, "हे डॉक्टर नुसते पैसे काढतात" म्हणून तीन गोळ्या एकदम बंद. काळजीखोर माणूस यूट्यूब बघून कोलेस्टेरॉलची गोळी सोडतो. तिघांचे स्वभाव वेगवेगळे, पण मार खातो तो गोळ्यांचा डबाच.

तेव्हा दर रविवारी डबा भरताना स्ट्रिप मोजा. महिन्याची औषधं आणली त्या तारखेपासून जेवढ्या रिकाम्या व्हायला हव्यात तेवढ्या झाल्यात का. स्वभाव कळायला यापेक्षा सोपी टेस्ट मला तरी माहीत नाही.

बाबा फार शिस्तीचे आहेत, सगळं वेळेवर, सगळं वहीत. परफेक्शनिस्ट लोकांना त्रास होतो ना?

शिस्त चांगलीच! मानसशास्त्रात पाच मोठे स्वभावगुण धरतात, त्यातला नेटकेपणा-जबाबदारीचा जो गुण आहे तो तब्येतीच्या बाजूने सगळ्यात भक्कम उभा राहतो. अमेरिकेत १९२१ मध्ये टर्मन या मानसशास्त्रज्ञाने हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला होता, त्या मुलांचा आयुष्यभर माग काढला, आणि लहानपणी जबाबदार, नीटनेटकी असलेली मुलं जास्त जगली असं १९९३ मध्ये दाखवलं गेलं. खेळकर, विनोदी मुलं नव्हे. वहीत बीपी लिहिणारे बाबा म्हणजे आमच्यासाठी सोन्यासारखा पेशंट. फक्त १३२ च्या ऐवजी १३८ आलं म्हणून दिवसातून नऊ वेळा मोजत असतील तर मशीन कपाटात ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी एवढंच.

सिंह रास आहे त्यांची, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. त्याने स्वभाव...

नाही. पुढचा प्रश्न.

अटॅकनंतर एकदम बदललेत, गप्प असतात, रडू येतं. हा स्वभाव म्हणायचा का डिप्रेशन?

हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, नीट वाचा. स्वभाव म्हणजे जो लग्नात होता, नोकरीत होता, अटॅकच्या आधी वीस वर्षं होता. डिप्रेशन म्हणजे "हे आधी असे नव्हते". आणि डिप्रेशनचा पुरावा स्वभावापेक्षा कितीतरी पक्का आहे. १९९३ मध्ये माँट्रियलच्या हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये अटॅक येऊन गेलेल्या २२२ पेशंटना बघितलं, ज्यांना डिप्रेशन होतं त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका साधारण चौपट. त्यानंतर ढिगाने अभ्यास झाले, आकडे खालीवर झाले पण दिशा तीच राहिली, आणि २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने डिप्रेशनला अटॅकनंतरच्या धोक्यांच्या यादीत अधिकृत घालावं असं सांगितलं.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात सुरुवातीला. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मजा येत नाही असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश, काही अर्थ नाही असं किती वेळा वाटलं? बरेच दिवस किंवा रोजच असं उत्तर असेल तर थांबू नका. आपल्याकडे गडबड अशी होते की पुरुष "उदास आहे" असं म्हणतच नाही, तो म्हणतो झोप येत नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही, टीव्हीवर मॅच लावली तर चॅनल बदलतो. पक्का क्रिकेटवेडा माणूस जर भारताची मॅच अर्ध्यात बंद करून झोपायला गेला तर ते लक्षण समजा, मी थट्टा नाही करत.

"जगून काय करायचं" असं बोलले तर ते बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

डिप्रेशनच्या गोळ्या हार्टला चालतात का? सवय लागते म्हणतात.

सगळ्या चालत नाहीत, काही चांगल्या चालतात. जुन्या प्रकारच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतात म्हणून हार्ट पेशंटमध्ये टाळतात. सर्ट्रालिन ही गोळी २००२ मध्ये अटॅक आलेल्या ३६९ पेशंटमध्ये मुद्दाम तपासली गेली आणि हृदयाच्या बाबतीत सुरक्षित निघाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, म्हणून सायकॅट्रिस्टला हार्टच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवायचीच, आणि कार्डिओलॉजिस्टला या गोळीचं नाव. सवय लागत नाही, पण आपल्या मनाने धाडकन बंद करायची नाही.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. मग हे सगळं समजून उपयोग काय?

औषध नाही, पण सरावाने वागणं बदलतं, आणि इथे चांगली बातमी आहे. खुद्द फ्रीडमन यांनीच नंतर अटॅक येऊन गेलेल्या हजाराच्या वर लोकांना घेऊन ग्रुप काउन्सेलिंग केलं, त्यात घाई कमी करायचे धडे असायचे, मुद्दाम लांब रांगेत उभं राहा, हळू जेवा, समोरच्याला वाक्य संपवू द्या. साडेचार वर्षांत त्या गटात पुन्हा अटॅक यायचं प्रमाण नुसता हार्टचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा बरंच कमी होतं. २०११ मध्ये स्वीडनमध्ये उप्सालाला ३६२ पेशंटवर असाच प्रयोग झाला, वर्षभरात २० बैठका, छोट्या गटात, राग-घाई-ताण यावर, आणि पुढच्या साधारण आठ वर्षांत हृदयाच्या घटना ४१ टक्क्यांनी कमी.

दुसरी बाजू पण सांगते. अमेरिकेत २४८१ पेशंटचा मोठा प्रयोग २००३ मध्ये छापला गेला, डिप्रेशन आणि एकटेपणा असलेल्यांना थेरपी दिली, मन सुधारलं पण मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. का ते वाद चालू आहेत. मला वाटतं लांबणीवर टिकणारा ग्रुप आणि काही महिन्यांची घाईची थेरपी यात फरक पडत असावा. आणि समजा आयुष्य एक दिवसाने वाढलं नाही तरी जे आहे ते जरा बरं गेलं तर ते काय कमी आहे?

योगा केला तर स्वभाव शांत होतो ना? मग गोळ्या कमी होतील?

गोळ्या कमी होणार नाहीत. बाकी योगा करा, चांगलंच आहे. आपल्याच देशात २४ हॉस्पिटलांमध्ये अटॅक येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार पेशंटवर योगाचा रिहॅब प्रोग्रॅम तपासला, २०२० मध्ये निकाल आला: लोकांना तब्येत जास्त बरी वाटली, आधीच्या कामांवर जास्त चांगले परतले, पण पुन्हा अटॅक किंवा मृत्यू यात ठोस फरक सिद्ध झाला नाही. तेव्हा गोळी आणि योगा, गोळीच्या ऐवजी योगा नव्हे. सुरुवातीला श्वास कोंडून धरायचे प्रकार आणि शीर्षासन वगैरे रिहॅबवाल्यांना विचारल्याशिवाय नको.

पॉझिटिव्ह विचार केला की हृदय बरं होतं हे खरं?

आशावादी लोकांना हृदयविकार कमी होतो हे बऱ्यापैकी खरं दिसतं, २०१९ मध्ये १५ अभ्यासांतले सव्वादोन लाखांवर लोक एकत्र धरले तर हृदयाच्या घटनांचा धोका ३५ टक्क्यांनी कमी निघाला. पण आशावादी माणूस चालायलाही जातो, सिगरेटही सोडतो, कारण त्याला वाटतं उपयोग होईल. तो भाग वेगळा काढणं अवघड.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, पेशंटला भेटायला येऊन "अरे पॉझिटिव्ह राहायचं, टेन्शन घ्यायचं नाही" असं सांगणाऱ्यांचा. ज्याला रात्री तीन वाजता छातीवर हात ठेवून आपलेच ठोके ऐकायची सवय लागलीय त्याला हे सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. नंतर तो बिचारा भीती वाटते हेही सांगत नाही. भेटायला जाताय ना, मग एखादा किलोमीटर त्याच्याबरोबर चाला.

बायकांचं काय? सगळे अभ्यास पुरुषांचेच दिसतायत.

खरंय, ही तक्रार रास्त आहे, जुने बरेचसे अभ्यास नोकरदार पुरुषांचेच. बायकांवरचा एक लक्षात ठेवण्यासारखा स्टॉकहोमचा, २००० मध्ये छापलेला: हृदयविकार झालेल्या बायकांमध्ये ज्यांच्या संसारात जास्त ताण होता त्यांचं पुन्हा बिघडायचं प्रमाण साधारण तिप्पट, आणि नोकरीतल्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. यावर मी काही बोलत नाही, आपापल्या घरी चर्चा करा.

आपल्याकडची आई किंवा सासूबाई हृदयाची पेशंट असली तर प्रश्न बहुतेक वेळा रागाचा नसतोच, "आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं बघू" हा असतो. दम लागतोय तरी देवघर पुसून, डबे भरून, मग सांगणार. जबड्यात, पाठीत दुखणं, मळमळ, नुसता थकवा अशी लक्षणं बायकांमध्ये जास्त दिसतात आणि ती ॲसिडिटीच्या नावावर खपून जातात. अचानक जबर धक्का बसून हृदयाचा खालचा भाग तात्पुरता फुगतो असाही एक आजार आहे, ताकोत्सुबो म्हणतात त्याला, तो मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांनाच होतो आणि अगदी अटॅकसारखाच दिसतो. तेव्हा "हिला टेन्शन झालंय" असं घरीच ठरवून बसू नका, ईसीजी काढा. ॲम्ब्युलन्स १०८.

त्यांच्यापासून घरातल्या वाईट बातम्या लपवायच्या का? टेन्शन येईल म्हणून?

कायम लपवणं चालत नाही हो. घरात सगळे कुजबुजतायत आणि मी आल्यावर गप्प होतायत, हे पेशंटला कळतं आणि तो त्यापेक्षा भयंकर काहीतरी मनात धरतो. सांगायचं, फक्त जेवणानंतर लगेच नको, रात्री झोपताना नको, आणि एकट्याला गाठून नको.

मी परदेशात असतो. फोनवर बाबा कायम "मजेत" म्हणतात. कसं कळणार?

"कसे आहात" विचारूच नका, त्याचं उत्तर मजेतच असतं. "आज कुठपर्यंत चाललात? मध्ये थांबावं लागलं का? जिना एका दमात चढलात? काल रात्री किती वेळा उठलात?" असं विचारा, म्हणजे उत्तरात आकडा येतो. व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा डबा दाखवायला सांगा, नातवाला सांगायला लावलं तर दाखवतात. आणि बाजूला आई असेल तर तिच्या चेहऱ्याकडे बघा, बाबा बोलत असताना.

डॉक्टर ओपीडीत पाच मिनिटं देतात. त्यात स्वभावाचं काय डोंबल सांगणार?

स्वभावाचं सांगू नका, झालेलं सांगा. "ते फार मनाला लावून घेतात" यावर डॉक्टर काय लिहिणार? त्याऐवजी चिठ्ठीवर लिहून न्या: गेल्या महिन्यात अमुक गोळी इतक्या वेळा चुकली, रात्री बसून झोपतात, फिरायला जाणं बंद झालंय, कशात रस नाही. चार ओळी बस. आणि हे पेशंटच्या पाठीमागे नाही, त्याच्यासमोर, "ते स्वतः सांगणार नाहीत म्हणून मी सांगते" असं म्हणून, नाहीतर त्याला वाटतं घरच्यांनी चुगली केली आणि पुढच्या वेळी तो एकटाच येतो. चिठ्ठी खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर ठेवा, बीपी बघायच्या आधी. एकदा प्रिस्क्रिप्शन प्रिंट झालं की बाहेर पुढचं नाव पुकारलेलं असतं.